निळी पाटी

परळच्या फिजिओथेरपी केंद्रात एक बाई नवऱ्याला रोज घेऊन यायची आणि खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची. नाव मी कधी विचारलं नाही. माझा खांदा शेकत असताना एकदा तीच बोलली.

दोघं परदेशात बर्फावर स्कीइंगला गेली होती. तिथे निळी पाटी म्हणजे सोपा उतार. पहिल्या डोंगरावरून दोघं मजेत उतरली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या डोंगरावरही निळी पाटी दिसली, म्हणून तो बिनधास्त पुढे गेला. उतार भयंकर उभा होता. तो पडला, मणक्याला मार बसला आणि पायांतली ताकदच गेली.

“रंग तोच होता हो,” ती म्हणाली, “पण प्रत्येक डोंगराचं सोपं वेगळं.”

तेवढ्यात थेरपिस्टने हाक मारली, “काका, आज तीन पायऱ्या चढायच्या. सोप्या आहेत.”

ती उठली, आधी स्वतः त्या पायऱ्या चढून उतरली आणि मग त्याला हात दिला.