वेडा राघू बाथरूममध्ये अडकतो तेव्हा

"सर, वेडा राघू बाथरूममधी अडकलाय. कडी बसलीया. ओव्हर."

वॉकीटॉकी माझ्या कमरेला होता, आवाज फुल होता आणि मी मुलीकडच्या टेबलाशी उभा राहून स्वतःच्या हातानं पोहे वाढत होतो.

"कोण अडकलंय?" मुलीच्या आत्यांनी विचारलं.

"आपले जावई," मी म्हणालो. पाहुण्यांच्या प्रश्नाला लगेच आणि हसतमुखानं उत्तर द्यावं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं.

आधी हा प्रकार काय होता ते सांगतो. वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याला आमचं रिसॉर्ट. मालक आबा, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. मी मॅनेजर. नव्या मॅनेजरनं आल्या आल्या काहीतरी बदलायचं असतं, नाहीतर जुन्याला का काढलं असा प्रश्न लोकांना पडतो. मी खोल्यांचे नंबर काढून त्यांना पक्ष्यांची नावं दिली. कोतवाल, सुगरण, सातभाई, वेडा राघू. आबांनी फक्त घुबड खोडलं. "गिऱ्हाईक दारातनं माघारी जाईल," म्हणाले. बाकीच्या नावांनाही अर्थ असतात, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट. हॉटेलचा स्टाफ पाहुण्याला नावानं ओळखत नाही, खोलीनं ओळखतो. एकशेदोनला चहा, एकशेतीनचं चेकआउट. माझ्या सुधारणेनंतर किचनमध्ये ऐकू यायला लागलं, "कोतवालाचं बिल ऱ्हायलंय." "सुगरणीला भाजी खारट लागली." मला कौतुक वाटायचं. वाटायचं, काय वातावरण तयार केलंय आपण.

त्या दिवशी सांगलीचा मुलगा आणि साताऱ्याची मुलगी, दोन्हीकडची मंडळी उतरलेली. संध्याकाळी सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. आत्यांचं मन मात्र होत नव्हतं. मुलगा कंपनीकडून जर्मनीला निघालेला. "गेलेलं पोरगं माघारी येतंय कशावरनं?" हे त्यांचं आदल्या दिवसापासून चाललं होतं.

आमच्या संपत वेटरनं धक्के मारमारून दार उघडलं. मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. तोवर त्याच्या वडिलांच्या कानावर सगळं गेलेलं.

"आमचा इंजिनिअर पोरगा वेडा?"

"न्हाई ओ सायेब," संपत म्हणाला, "त्ये खोलीचं नाव हाय. तुमी कोतवालात हाय की."

"सामान भरा रे!" वडील ओरडले.

आबांनी मला बाजूला घेतलं. "मॅनेजर, सांजच्याला सुपारी न्हाई फुटली तर तुमी बी सामान भरा."

सगळ्यांना घेऊन मी अंगणात आलो. विजेच्या तारेवर दोन वेडे राघू बसले होते. माझं पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असल्यासारखा मी बोलायला लागलो.

"हा पक्षी खरं तर वेडा नाही. आणि राघूही नाही."

"मग नाव कशापायी ठेवलं?" आत्या.

"रंग पोपटासारखा हिरवा, म्हणून राघू. आणि वेडा का, तर बघा आता."

मी हात वर केला. पक्षी जागचे हलले नाहीत. मी हात तसाच ठेवला. खांदा भरून आला. मुलाचे वडील बॅगेची चेन लावू लागले. एवढ्यात त्यातला एक सुटला, हवेत गिरकी घेतली, चोचीत माशी धरली आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसला. माशी तारेवर आपटली, गिळली. परत गेला. परत आला.

"पुन्हा तिथंच?" आत्या म्हणाल्या.

"पुन्हा तिथंच. दिवसभर. एवढं आभाळ मोकळं असून हा त्याच तारेवर परत येतो. लोक म्हणाले, वेडा आहे. म्हणून वेडा राघू, असं सांगतात."

आत्यांनी त्याची आणखी एक फेरी मोजली. मग मुलाकडे वळल्या.

"आन् तुमी?"

"दोन वर्षांनी परत येणार, आत्या."

"पाखरू तर लगीच आलं."

"त्याला व्हिसा लागत नाही," मुलगा म्हणाला.

पहिल्यांदा मुलगी हसली. मग आत्या. मुलाच्या वडिलांनी बॅग खाली ठेवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी आबांनी खोल्यांवर पुन्हा नंबर लावले. माझी नोकरी राहिली.

परवा, दोन वर्षांनी, वॉकीटॉकी वाजला. "सर, वेडा राघू आलेत. जर्मनीवरनं, जोडीनं. तीच खोली मागत्यात. ओव्हर."

मी धावत खाली गेलो, स्वागत केलं, स्वतः बॅगा उचलून खोलीत ठेवल्या. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला.

"सर, ह्या बारीला दोघं बी अडकल्यात."

तेव्हा या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगेन. खोलीला नाव काय द्यायचं ते सावकाश ठरवा. आधी बाथरूमची कडी बदला.