दादाचं पाण्यातलं नेचं

अझोला माहितीये? पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, म्हणजे फर्न. चिमूटभर टबात टाका, काही दिवसांत पाणी दिसेनासं होतं. दादाच्या कॉलेजचे किस्से माझ्याकडे तसेच माजलेत. दादा कॉलेजात शिकवायचा, पाण्यातल्या नेच्यांवर संशोधन करायचा, मी धायरीत गॅरेज चालवतो. गेल्या महिन्यात दादा गेला. आता कॉलेजला गच्चीवरचे त्याचे नेच्यांचे टब नकोत. डास होतात म्हणे!

*

लोणी काळभोरच्या तळ्यात दादा गुडघाभर चिखलात. काठावरच्या आजोबांनी विचारलं, "काय हरवलं वो साहेब?"

"हवा बघतोय, आजोबा. या नेच्याच्या देठात पोकळ नळ्या असतात, त्यातून हवा खाली मुळांपर्यंत जाते."

आजोबा माझ्याकडे वळले. "पुण्यातली संपली व्हय?"

*

मंडईजवळ एक जण चार पानांचं मार्सिलिया 'लकी प्लांट' म्हणून विकत होता. दादा थांबलाच. "अहो, हे नेचं आहे. पाणी चढलं की देठ लांबतात, पानं वर तरंगतात, आटलं की हेच ताठ उभं राहतं."

"आपल्याला घ्यायचंय, की मला शिकवायचंय?"

दादाने दोन घेतली!

*

विभागाच्या मॅडम मला लॅबमध्ये बघून म्हणाल्या, "हे दहावी नापास ना? इथे काय करतात?"

दादाने मायक्रोस्कोपवरून मान उचलली नाही. "मॅडम, या साल्व्हिनिया नेच्याला मूळच नसतं. एक पान खाली लोंबतं आणि मुळाचं काम करतं. आपण त्याचे मार्क विचारतो?"

*

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "सर कायम आमच्यात राहतील." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन, "टब कधी नेताय?" कायम म्हणजे एक रात्र. टाइमटेबल कडक!

*

टेम्पो घेऊन गेलो, तर टब कोरडेठाक. कोणी पाणीच घातलं नव्हतं. प्राचार्यांना मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. मॅडमनी मला बाजूला घेतलं, वाळलेल्या चिखलातून मिरीएवढे काळे, कडक दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "मार्सिलिया दुष्काळात यात जीव झाकून ठेवतं. कवच घासा, पाण्यात टाका. खात्री मात्र देत नाही."

घरी कानशीने एक दाणा घासला, वाटीत टाकला. दादा गेल्यापासून आई धड बोलत नव्हती. थोड्या वेळाने आली, "काय कचरा आणलास?" म्हणाली आणि वाटी उचलून मोरीकडे निघाली.

मध्येच थांबली. दाण्यातून एक पारदर्शक, बुळबुळीत वेटोळं बाहेर येत होतं. हळूहळू, आळस दिल्यासारखं.

आईने वाटी टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसली. फॅनच्या वाऱ्याने वाटीतलं पाणी हलत होतं.

मग माझ्यावरच ओरडली, "अरे, तो फॅन बंद कर की!"