पिवळ्या दाराचं घर

ज्या वास्तुतज्ज्ञाने ही घरं बांधली, त्याचं भिंतींशी काय वैर होतं कोण जाणे. बागेकडची सगळी बाजू काचेची, जिना म्हणजे नुसत्या अधांतरी फळ्या, कठडा नाही, आणि छप्पर पाटासारखं सपाट. सगळ्या घरांना मिळून मधोमध एकच बाग, आणि कुणीही कुंपण घालायचं नाही असा नियम. माणसं एकमेकांत मिसळावीत म्हणे! माणसांचं माहीत नाही, पाणी मात्र मिसळलं, छपरातून थेट दिवाणखान्यात. गळती त्या घरांच्या पाचवीलाच पुजलेली. तो बांधून मोकळा झाला आणि राहणारे जन्मभर बादल्या मांडत बसले.

घरं इतकी एकसारखी की बागेत खेळणारी पोरं भलत्याच घरात शिरायची आणि भलत्याच आईकडे खायला मागायची. हा घोळ निस्तरला रंगकाकांनी. ते रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायच्या कामाला होते. प्रत्येक घराच्या दाराला त्यांनी स्वतः बसून वेगळा रंग करून दिला. कुणाला विटकरी, कुणाला मोरपंखी, कुणाला जांभळट. आपल्या दाराला पिवळा. तो कसा केला, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. एका शेजाऱ्याने फारच गळ घातली, तेव्हा म्हणाले, "दुसरा कुठलाही माग, सुट्टी काढून करून देतो. हा नाही. उद्या माझी पोरगी तुझ्या घरात शिरली म्हणजे?" कारखान्याच्या मालकालाही त्यांनी तोच नकार दिला होता. एरवी माणूस असा, की मागितलं तर अंगावरचा सदरा काढून देईल.

ती पोरगी आता दूरच्या शहरात आपल्या संसारात होती, आणि रंगकाकांची आठवण हळूहळू पुसत चालली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवेना. गॅस उघडाच राहू लागला. मग एकदा ते त्या बिनकठड्याच्या जिन्यावरून पडले. लेकीने निक्षून सांगितलं, "आई, आता घर विकायचं. मी माझ्याजवळ बिनजिन्याचं घर बघते." काकूंनी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात बळ लागतं. त्यांनी एवढंच मागितलं, "विकू या. पण दार ओढून बाहेर पडेपर्यंत त्यांना हे घर आपलं वाटू दे. मला दुसरं काही नको." डॉक्टरही तेच म्हणाले होते, घरातलं काही बदलू नका. काकूंनी त्यानंतर साधी खुर्चीसुद्धा हलवली नव्हती.

दुपारचा चहा झाला की रंगकाका बागेत फेरी मारत. कुंपण नाही, त्यामुळे कुठे अडायला नको. सगळ्या दारांवरून गोल फिरून ते पिवळ्या दाराशी येत आणि हाक देत, "अगं, आलो गं." ती हाक ऐकली की काकूंचा जीव भांड्यात पडे. त्या वास्तुतज्ज्ञाचा तेवढा एक उपकार त्या मानत.

घर बघायला लोक येत. काचेतून बाग बघून हरखून जात, मग छताला आलेल्या ओलीकडे बघून काढता पाय घेत. दलालाने शेवटी खापर फोडलं ते दारावर. "काकू, असा भडक रंग हल्ली कुणाला आवडत नाही. राखाडी करून टाका. पहिली नजर दारावरच जाते हो!" छप्पर गळणार आणि दोष दाराला! पण काकू थकल्या होत्या. शिवाय घरातलं काही बदलायचं नव्हतं, आणि दार तर बाहेरून रंगवायचं होतं. इतक्या वर्षांची पायाखालची वाट, पायांना आपोआप कळेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

रंगाचे डबे आले आणि रंगकाका ताठ होऊन बसले. "कुणाचं काम आहे?"

"गिऱ्हाईक आहे एक," काकूंनी थाप मारली.

"मग त्यात निळा लागेल थोडा. नाहीतर चिखल फासल्यासारखं दिसेल."

त्यांनी काठी घेऊन रंग ढवळला, बोटावर घेतला, उजेडात धरला. हात जराही कापत नव्हता. काकू बघतच राहिल्या. किती दिवसांनी त्यांना आपला नवरा भेटला होता! मग दारही रंगकाकांनीच रंगवलं, गिऱ्हाइकाचं समजून, एक ओघळ येऊ न देता. काकूंनी डबा धरला. लांब उभं राहून ते म्हणाले, "झकास झालं. गिऱ्हाईक खूश होणार बघ."

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन ते फेरीला गेले. काकू काचेतून बघत होत्या. रंगकाका दाराशी आले, क्षणभर थांबले आणि पुढे चालू लागले. पुन्हा गोल फिरून आले, पुन्हा पुढे गेले. तिसऱ्या खेपेला काचेतून नजरानजर झाली, तर परक्याच्या घरात डोकावल्यासारखे ओशाळून त्यांनी मान फिरवली. काकू तशाच अनवाणी बाहेर धावल्या.

"अहो, कुठे निघालात? घर इकडे!"

"माफ करा हं बाई," रंगकाका म्हणाले. "आमचं घर पिवळ्या दाराचं. इथंच होतं. तुम्ही बघितलंत का?"

लग्न झाल्यापासून त्या माणसाने काकूंना 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती.

चहाचं निमित्त सांगून काकूंनी त्यांना आत आणलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, पायातले बूट न काढता. "छान आहे हो घर तुमचं," म्हणाले. काकूंनी माळ्यावरचे रंगाचे जुने डबे उतरवले आणि त्यांच्यासमोर मांडले.

"मला दाराला पिवळा हवाय. तुमच्या दारासारखा. करून द्याल?"

रंगकाकांनी एक डबा उघडला, वास घेतला. काठीकडे हात गेला. मग त्यांनी झाकण परत लावलं आणि अंगठ्याने घट्ट दाबलं.

"दुसरा कुठलाही सांगा बाई. तो मी कुणाला देत नाही. आमची पोरगी घर चुकेल."

"अहो, पण मी तुमची..." दुकानातला पिवळा आणून या माणसाला फसवता येणार नाही, हे काकूंइतकं कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात दलालाचा फोन आला. "काकू, परवा घर बघून गेलेल्या मंडळींनी आज बाहेरून परत बघितलं. घर घेतायत! दार फार आवडलं म्हणाले."

काकूंनी फोन ठेवला. रंगकाका उठून उभे होते. "निघतो मी. बायको वाट बघत असेल. उशीर झाला की काळजी करत बसते."

"थांबा," काकू म्हणाल्या. "मी येते सोबत. दोघं मिळून शोधू."

त्यांनी चपला घातल्या, राखाडी दार बाहेरून ओढून घेतलं, आणि दोघं बागेत पिवळ्या दाराचं घर शोधायला निघाले.