मोटेच्या शिवणीची होडी

पुण्याच्या कोतवालीतली चाकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण ती चामड्याची होडी आठवली की आजही अंगावर काटा येतो.

पेठेत विहिरीचं पाणी उपसायच्या चामडी मोटा शिवणारे दोन भाऊ होते. धाकट्याने वेताच्या सांगाड्यावर कातडं चढवून एकट्यापुरती होडी केली. शेंगेसारखी निमुळती, डोक्यावर घेऊन चालता येईल इतकी हलकी. पहिल्याच दिवशी तो मुठा नदीत बुडून मेला. थोरला चावडीवर येऊन छाती पिटत ओरडला, "अहो, नावाड्यानं मारलं हो माझ्या भावाला!"

घाटावरच्या धोबिणीनेही खबर दिली. भर नदीत नावाड्याने बांबू उगारलेला तिने पाहिला होता. उद्या लोक आपापल्या होड्या करतील, मग आपल्या नावेत कोण बसणार, म्हणून नावाडी आधीच धुसफुसत होता. मी त्याला बेड्या ठोकल्या.

"त्याला धरायला बांबू पुढं केला, सरकार. होडीत पाणी भरलं होतं."

चोर तर चोर, वर शिरजोर! मी पंचांसमोर होडी काठोकाठ पाण्याने भरली. प्रहरभर थेंब गळला नाही. मग पाणी शिरलं कुठून? मी नावाड्याच्या पाठीवर कोरडे ओढायला लावले. जबानी लिहून झाली होती, आता देहदंडच होता.

नावाडी कण्हत म्हणाला, "नदी काय होडीच्या आत असते होय? बाहेरून बघा की!"

मला संताप आला, पण बोलणं डोक्यातून जाईना. होडीत माणसाच्या वजनाचे दगड घालून ती चावडीच्या हौदात सोडली. बघता बघता शिवण उघडली आणि पाणी भसाभसा आत आलं.

मोटेत पाणी आत असतं, म्हणून कातड्याचा पदर आतून बसवतात. पाणी दाबेल तशी शिवण घट्ट होते. होडीला पाणी बाहेरून दाबतं, तिथे तोच पदर सुटतो.

"कुणी शिवली?" मी विचारलं.

"सांगाडा त्याचा, शिवण माझीच हो," गर्दीतून पुढे येत थोरला म्हणाला. "बापानं शिकवली तश्शी." आणि मटकन खाली बसला.

पंच होते, साक्ष होती, परीक्षाही मीच घेतली होती, आणि तरी मी एका निरपराध माणसाचा जीव घेणार होतो. त्यानंतर आरोपीचं म्हणणं पुरतं तपासल्याशिवाय मी कोरडा उचलू दिला नाही.

बेडी मी स्वतःच्या हाताने काढली. नावाड्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाठीवरचे वळ उपरण्याने झाकून तो थोरल्यापाशी गेला आणि त्याला हात देऊन उठवलं.

"उठा. भावाच्या अस्थी सोडायच्या असतील ना? माझ्या नावेत चला."