दुसऱ्या कामाची तालीम

बमरोलीतल्या ज्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माझा नवरा लूम चालवायचा, ते बंद होणार हे वर्षभर आधीपासून दिसत होतं. चीनहून तयार कापड येत होतं, आणि त्या भावात आपल्याला नुसतं सूतही मिळत नाही, असं शेठ सांगायचा. आधी रात्रपाळी गेली. मग निम्मे लूम झाकून ठेवले. एका सकाळी तेच लूम भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना नवऱ्याने पाहिले आणि तो घरी येऊन भिंतीला टेकून बसला. मी चहा दिला.

त्याच्याकडे कामगार विम्याचं कार्ड होतं, हे नशीब. नवागाममधल्या आमच्या चाळीत असं कार्ड फार थोड्यांकडे. हेलपाटे घातल्यावर काही महिन्यांचा बेकारीभत्ता मंजूर झाला. भाडं त्यातून निघालं, खोटं कशाला बोलू? सोबत दुसरं काम फुकट शिकायची सोयही होती, घरातल्या वायरिंगचं. सगळे तिला तालीम म्हणत. नवऱ्याने नाव दिलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता.

तो रोज जायचा, परत आला की शर्ट खुंटीला लावून आडवा व्हायचा. काय शिकवलं विचारलं तर म्हणायचा, वायरी. मग एके दिवशी शिकवणाऱ्या सरांचा फोन आला. नवरा फोन घेतच नसे, म्हणून मी घेतला. सर म्हणाले, काका वेळेवर येतात, पण काही लिहीत नाहीत, सांगितलं की नुसते हसतात. घरी सगळं ठीक आहे ना? मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत गेले.

वर्गात सगळी विशीतली पोरं. हा शेवटच्या बाकावर. सर फळ्याकडे तोंड करून बोलत होते, वर पंखा खडखडत होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सरांच्या पाठीकडे बघत होता, दुकानाच्या बंद शटरकडे बघावं तसा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. लूमच्या आवाजात माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात, समोरचा ते बघून समजून घेतो. घरी मी मोठ्याने बोलते, पण आमच्या चाळीत सगळेच मोठ्याने बोलतात. त्याचे कान गेले असतील, असं मनातही आलं नव्हतं.

परतताना रस्त्याच्या कडेला मी त्याला खांद्याला धरून माझ्याकडे वळवलं आणि विचारलं.

"माले आयकू येस नही," तो म्हणाला.

बरीच वर्षं झाली होती. सरांना सांगू नको, नाव कापतील, भत्ता बंद होईल, असं त्याने विनवलं. मी तरी सांगितलं. सर गुजराती, वयाने आमच्या मुलाएवढे. ते म्हणाले, काकी, तुम्ही त्यांच्याजवळ बसा.

तेव्हापासून मी फळ्याकडे पाठ करून, नवऱ्यासमोर तोंड करून बसायची. सर बोलले की तेच आमच्या अहिराणीत, आवाज न काढता, ओठांनी सांगायची. पण अर्थिंग म्हणजे काय हे त्याला सांगायला आधी मला कळायला हवं. म्हणून घरी आल्यावर मी वर्गातल्या पोरांच्या वह्यांचे फोटो बघत बसायची. पोरं पहिल्यांदा हसली, नंतर त्यांनाही सवय झाली.

मी लग्न झाल्यापासून घरी साड्यांना लेस लावायची. तेही काम याच सुमारास आटलं होतं. पुढच्या वर्गात माझं नाव घालता येईल का, असं मी सरांना विचारलं. त्यांनी खरोखरच चौकशी केली. ही सोय काम गेलेल्यांसाठी होती.

"काकी, कागदावर तुमचं काम कधी नव्हतंच," ते हळू आवाजात म्हणाले. यात त्यांची काही चूक नव्हती. बरं, म्हटलं मी.

परीक्षेला मला आत सोडलं नाही. तो कसाबसा पास झाला. दोन ठेकेदारांनी त्याला कामावर घेतलंही. पण वरून कोणी ओरडलं, मेन बंद कर, तर याला ऐकू येणार कसं? त्यांना भीती वाटली, मलाही वाटायची. दोन्हीकडून तो परत आला. चाळीत कोणाचं बटण जळालं तर आम्ही दोघं जातो. पण शेजाऱ्यांकडून घेणार काय?

आता तो पर्वत पाटियाजवळच्या एका गोदामात कापडाचे तागे उचलतो. तिथे कान लागत नाहीत. ते कापड चीनचंच असतं, हे त्याने मला जेवताना सांगितलं. तुम्हाला कसं वाटतं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. त्याने घास संपवला.

"कापड चांगलं शे त्यासनं," तो म्हणाला. "सूत कोठेच तुटेल नही."

मग त्याने भाजी मागितली. रोज जेवणानंतर मी त्याच्या खांद्यांना तेल लावते. त्या दिवशी एकच खांदा झाला होता, तोवर त्याला झोप लागली. दुसऱ्या खांद्यासाठी मी त्याला उठवलं नाही.