दर्भाचा देवांग

अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या एका छोट्या संग्रहालयात सुलेखा उमराणी अकरा वर्षं शाळेच्या मुलांना व्हायकिंग दाखवत आली. मूळची सांगलीची. नकाशावर बोट फिरवत सांगायची: नॉर्वेतून निघालेली ही माणसं आइसलंडात राहिली, डब्लिनमध्ये बाजार मांडून बसली, फ्रान्सच्या किनाऱ्यावर जमीनदार झाली, ग्रीनलंडात बर्फाच्या कडेला गाई पाळत चारशे वर्षं तगली. मग बोट एका काठीच्या चित्रावर थांबायचं. ग्रीनलंडातल्या एका शवपेटीत माणूस नव्हता, ही काठी होती. तिच्यावर कोरलेलं, गुडवेग नावाच्या या बाईला समुद्रात सोडलं. जहाजावरच मेली, देह घरी आणता आला नाही, म्हणून नाव पुरलं.

"मग ती घरी आली का?" एखादं पोर विचारायचं.

"आली," सुलेखा बेधडक सांगायची.

गेल्या ऑक्टोबरात तिचा देवांग, चोवीस वर्षांचा, मिशिगन सरोवरात वल्हवायला गेला. होडी सापडली. तो नाही.

देवांग इथंच जन्मलेला. घरातून निघताना म्हणायचा, "आई, जातो." ती दर वेळी ओरडायची, "जातो नाही रे, येतो म्हण!"

"पण जातोच आहे ना मी! लॉजिक बघ, आई."

त्या सकाळी ती फोनवर होती. तो "जातो" म्हणाला, तिनं नुसता हात हलवला.

वर्ष भरत आलं, तेव्हा नवरा मनोहर म्हणाला, "गुरुजींशी बोललोय. देह नाही, तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ."

"पुतळा जाळला की तो गेला, हे मीच कबूल केलं."

"आणि नाही जाळला तर? पाण्यातच ठेवायचाय का त्याला, सुलू?"

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात केया नावाच्या मुलीनं तोच जुना प्रश्न विचारला. सुलेखाच्या तोंडून "आली" निघेना. "नाही," ती म्हणाली. "पण तिच्या माणसांनी वाट बघणं थांबवलं."

रविवारी ओळखीच्यांच्या शेतात पुतळा तिनंच बांधला. दर्भानं बोटं कापली. गुरुजींनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. पुतळा पेटला तशी ती वाकली. इतकी वर्षं जो शब्द तिनं पोराच्या तोंडून खोडला होता, तोच तिच्या तोंडी आला.

"जा, देवांग."