ओळखीची सही

पगार खात्यावरच जमा होईल आणि खातं तुमच्या स्वतःच्या नावावर पाहिजे, असं डाळ मिलच्या मालकानं सांगितलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. बायकोच्या खात्यावर टाका, असं ओठांवर आलं होतं.  पहिल्या तारखेच्या आत खातं झालं नाही तर गोदामावर माझ्या जागी दुसरा माणूस येईल, हेही त्यानं सांगून टाकलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या, दिवाळं निघालेल्या माणसाला हिंगोलीत दुसरं काम कोण देतंय?

माझा मंडपाचा धंदा होता. पाइप, कापड, खुर्च्या, जनरेटर. नव्या स्टेजसाठी मोठं कर्ज काढलं आणि मग कोरोनात लागोपाठ दोन उन्हाळे लग्नं अंगणातच उरकली. सगळं विकलं तरी कर्ज फिटलं नाही. शेवटी बँकेनं तडजोड, म्हणजे सेटलमेंट, करून कमी पैशांत प्रकरण मिटवलं आणि त्या बँकेतलं माझं खातंही बंद झालं. तेव्हापासून हातात येईल ते बायकोच्या नावावर.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. त्या कर्जाला जामीनदार लागत होता. मी पुसेगावला दाजींकडे, म्हणजे अक्काच्या नवऱ्याकडे गेलो. बाजेवर बसून त्यांनी विचारलं, "कशाची सही हो ही?" मी म्हणालो, "नुसती ओळखीची आहे, दाजी." आमच्याकडे पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची सही लागायची. हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, एवढंच ती सही सांगायची. तिला ओळखीची सही म्हणत. माझ्या वडिलांनी अर्ध्या गल्लीला अशा सह्या दिल्या होत्या. दाजींनाही तेवढंच माहीत होतं. मला मात्र सगळं माहीत होतं. अक्का चहा घेऊन आली तोवर त्यांच्या सह्या करून झाल्या होत्या.

माझे हप्ते थांबले तेव्हा नोटीस त्यांच्या दारात गेली. पेरणीच्या तोंडावर बँकेनं त्यांना पीककर्जासाठी दारातही उभं केलं नाही. पण ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर खाली मान घालून ऐकल्या असत्या. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला आजही कळत नाही.

खात्याचं ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. शेजारचे मास्तर म्हणाले, कर्जाचा स्कोर खराब असला की सात वर्षं खातं निघत नाही. ऑनलाइन सेंटरवाला म्हणाला, घरबसल्या मोबाईलवर निघतं. त्यानं माझा फोटो काढला आणि स्क्रीनवरचं चक्र गोल गोल फिरतच राहिलं. मला वाटलं, बँकेला कळलं आपण कोण ते. मग डोक्यात जुनंच बसलं, की आपल्यासारख्याला कुणाची तरी ओळख लागणारच. आणि ओळख द्यायला माझं उरलं होतं कोण?

मी अक्काला फोन केला. दाजींना करायची हिंमत नव्हती.

"नुसती ओळखीची सही आहे अक्का," मी म्हणालो. तेच शब्द. या वेळी खरे होते, पण माझ्या तोंडून ते कसे ऐकू आले असतील?

 ती म्हणाली, "मी धाडते त्यायला."

दाजी आले. धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल, खिशाला पेन. त्यांचं जुनं खातं असलेल्या दुसऱ्या बँकेच्या दारात मला पाहून म्हणाले, "चला." रांगेत ते माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता, की तसं वाटत होतं, कोण जाणे.

काउंटरवर माझ्या मुलीच्या वयाची पोरगी होती. आधार घेतलं, पॅन घेतलं, फोटो घेतले. सगळं इतकं सरळ चाललं होतं की मला भीती वाटायला लागली. ही काही विचारत कशी नाही? नंतर कळलं तर? मी एकदम बोलून गेलो, "म्याडम, माझा स्कोर खराब आहे. कर्ज बुडालेलं आहे."

रांगेतली माणसं बघायला लागली.

"काका, तुमाला कर्ज पाहिजे का?"

"न्हाई."

"मग काहून सांगून राहिले? बचत खातं आहे हे. अंगठा ठेवा."

अंगठा मशीनवर उमटेना. गोदामात पोती उचलून रेषा गेल्या असतील. तिनं पुसायला सांगितला. मागचा एक जण म्हणाला, "काकाचा अंगठा बी सेटलमेंटमधी गेला का काय!" सगळे हसले. मीही हसलो. कशाला हसलो?

चौथ्या का पाचव्या वेळी उमटला. "झालं. पासबुक सोमवारी न्या," ती म्हणाली.

"आन् ओळखीची सही?" मी दाजींकडे हात केला. "हे जुने खातेदार आहेत."

"ते कवाच बंद झालं, काका. कुणाचीच लागत न्हाई."

दाजींनी खिशातलं पेन काढलं होतं. ते परत खिशाला लावलं.

बाहेर टपरीवर आम्ही उभे राहिलो. काम झालं होतं, नोकरी टिकली होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हणालो, "दाजी, उगीच तकलीफ दिली तुमाला."

"मी सही करायला आलोच नव्हतो," ते म्हणाले. "साहेबासमोर न्हाई म्हणायला आलतो. घरी तुमच्या बहिणीसमोर तोंड उघडलं न्हाई माझं. तिनं जेवण सोडलं असतं. म्हणलं, इथं म्हणावं, चार माणसांत."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"आता कुणी इचारलंच न्हाई. तरी सांगतो तुमाला. माझी सही पुन्हा न्हाई."

"बराबर आहे," मी म्हणालो. आणि मग, इतकी वर्षं गिळलेलं ते तिथं, टपरीवर, बाहेर आलं. "त्या वेळी मला माहीत होतं, दाजी. ती ओळखीची सही नव्हती. मला माहीत होतं."

 मग त्यांनी एका चहाचे पैसे काढून टपरीवाल्यासमोर ठेवले. फक्त स्वतःच्या चहाचे. आमच्या घरात जावयानं मेहुण्यासोबत चहाचे पैसे कधी दिलेले मी पाहिले नाहीत. हा राग होता, का माझ्यावरचा भार थोडा कमी केला होता? त्यांनी गाडीला किक मारली. "येतो," म्हणाले. रागावलेला माणूस येतो म्हणेल का?

संध्याकाळी अक्काचा फोन आला. आवाज मोकळा होता, पुष्कळ दिवसांनी.

"झालं ना रे खातं? मला आल्या आल्या सांगितलं ह्यांनी. म्हणले, केली सही, नको काळजी करू. लई बरं वाटलं बघ मला. मला वाटून राहिलं होतं, हे न्हाई म्हणतेन."

 व्हय म्हटलं असतं तर तिचं समाधान राहिलं असतं, दाजींचा शब्द राहिला असता. आणि त्याच सहीवरून मी तिच्याच घराशी दुसऱ्यांदा खोटं बोललो असतो.

"न्हाई, अक्का," मी म्हणालो. "सही लागलीच न्हाई. कुणाचीच लागत न्हाई आता."

 तिनं हळू विचारलं, "मग हे मला असं काहून बोलले?"

"तुला बरं वाटावं म्हणून," मी म्हणालो.

"आन् तू? तू मग काहून सांगितलं?"

  मागून दाजींचा आवाज आला, कोण आहे म्हणून, आणि ती त्यांना म्हणाली, "कुणी न्हाई. जेवून घ्या तुमी."